भूक नाही म्हणणारा मुलगा

श्रोतेहो, नमस्कार. शाळेतलं जेवण म्हटलं की आपण काय शिजलं, किती शिजलं यावर येतो. आज बोलू या अपंग मुलांच्या ताटाबद्दल.

माझ्या परिचयातल्या एका बाईंच्या वर्गातली गोष्ट. व्हीलचेअरवरचा मुलगा. जेवणाची घंटा झाली की रोज एकच उत्तर, "बाई, भूक नाही." बाईंनी टेबल उंच करून घेतलं, खुर्ची आत सरकेल असं. ताटाखाली न घसरणारी चटई आली, जाड मुठीचा चमचा आला. तरी भूक नाही! मुख्याध्यापक म्हणाले, "खाणंच कमी असेल त्याचं." आईला विचारलं, तर घरी पोचताच दप्तर टाकायच्या आत तो जेवायला मागतो. शेवटी वाढणाऱ्या मावशी बोलल्या, "बाई, तो पाणीपण पीत नाही हो." बाटली सकाळी भरलेली, शाळा सुटताना भरलेलीच! कारण? स्वच्छतागृहाच्या दाराशी एक पायरी. एकच. आत धरायला काही नाही. रोज कुणाला तरी 'उचला' म्हणण्यापेक्षा उपाशी राहिलेलं बरं, असा त्या पोराचा हिशोब. मग पायरीवर उतार केला, भिंतीला दांडी बसवली. देणगीदाराच्या पाटीला भिंत लगेच सापडते, दांडीला मात्र सापडत नाही, हे आपलं माझं मत. आता मावशींची तक्रार अशी, की तो दोनदा वाढून घेतो आणि वर "अजून आहे का?" विचारतो.

म्हणून सांगतो, मूल जेवत नसेल तर आधी स्वच्छतागृह बघा. संयुक्त राष्ट्रांच्या २००६च्या अपंग हक्क करारात, कलम २४मध्ये, शिक्षणात गरजेनुसार वाजवी बदल करायला सांगितलंय. पायरीवरचा हा उतार त्यातच आला.

बाकीचं भराभर. अंध मुलाला ताट घड्याळाच्या आकड्यांनी सांगा, तीनवर हे, सहावर ते. ऐकू न येणाऱ्याला लांबून हाक नको, समोर जाऊन खूण करा. गोंगाट न सोसणाऱ्या स्वमग्न मुलाला गर्दीआधी बसवा. हात थरथरत असेल तर वेळ जास्त द्या. आणि काय हवं ते मुलालाच विचारा, सोबत्याला नको. मोठ्या माणसांच्या बाबतीत दवाखान्यातही सोबत्यालाच विचारायची खोड असते.

गिळायला त्रास असेल तर जपून. पाठ ताठ, पाय टेकलेले. मान मागे टाकून भरवू नका, घास श्वासनलिकेत जातो. अन्न किती पातळ, किती मऊ, याच्या ० ते ७ अशा आठ आंतरराष्ट्रीय पातळ्या आहेत. मुलाची पातळी तज्ज्ञांकडून लिहून घ्या आणि तो कागद ऑफिसच्या फायलीत नको, स्वयंपाकघरात लावा, मावशींना दिसेल असा.