आजीची मिलो
(मंडळाच्या दिवाळी मेळाव्यातील भाषण, संपादित)

मंडळी, नमस्कार. सप्टेंबरपासून एक प्रश्न माझी पाठ सोडत नाही. तो माझ्या नऊ वर्षांच्या लेकीचा आहे, आणि आज तो तुमच्यापुढे ठेवल्याशिवाय मला दुसरं काही बोलता येणार नाही.

आम्ही इथे कॅन्ससमधल्या सलायना शहराच्या पुढे गाडीनं चाललो होतो. दोन्ही बाजूंना तांबड्या कणसांची शेतं. मागे माझी आई बसली होती, लातूरकडच्या निलंगा तालुक्यातल्या आमच्या गावाहून आलेली. एकाएकी म्हणाली, "थांबव जरा." खाली उतरली, बांधावरचं एक कणीस तळहातावर चोळलं, फोलपट फुंकलं आणि म्हणाली, "आरं, ही तर मिलो."

साठी ओलांडलेल्यांना पुढचं सांगायला नको. १९७२चा दुष्काळ. सुकडी, खडी फोडायची कामं, आणि रेशनची ती तांबडी ज्वारी, म्हणजेच मिलो. आई तेव्हा चौदा वर्षांची होती. भाकरी थापताना चिरायची, घास घशात फिरायचा, असं ती अजून सांगते. इथले शेतकरी ज्वारीला आजही 'मायलो' म्हणतात. अमेरिकेत सगळ्यात जास्त ज्वारी आपल्या या कॅन्ससमध्येच पिकते, आणि तिच्यातली बरीचशी जनावरांच्या खाद्याला, इथेनॉलला नाहीतर परदेशी जाते.

तेवढ्यात लेकीनं विचारलं, "आजी, ज्वारी इथे एवढी पिकते, मग आपलं पीठ इंडियातून का येतं?"

मला उत्तर देता आलं नाही. आपल्या सगळ्यांच्या फडताळात ते पीठ आहे. समुद्र ओलांडून येतं, महिनोन्‌महिने पिशवीत राहतं, जुनं झालं की भाकरीला विरी जाते, ती थापताना चिरते, आणि आपण खापर तव्यावर फोडतो. इथे माणसांना खायची पांढरी ज्वारीही पेरतात. ज्यांना गहू चालत नाही असे लोक तिचं पीठ नेतात. ते मी घरी आणलं, आणि घरात वादाला तोंड फुटलं. आई म्हणाली, "आमी हे पोट भरायला खाल्लं, लेका. तू हौसेनं इकत आणतोस?" पीठ पांढरं आहे, ही ती मिलो नव्हे, असं मी परोपरीनं सांगितलं. दोन दिवस तिनं त्या डब्याला हात लावला नाही.

या उन्हाळ्यात आपल्यातल्या चौदा घरांनी जवळच्या एका शेतात वाटा घेतला. हंगामाच्या सुरुवातीला पैसे भरायचे, दर शनिवारी जे निघेल त्याची पेटी घरी न्यायची. पीक बुडालं तर त्यातही आपला वाटा. आपल्या सांगण्यावरून त्या शेतकरी बाईंनी अंबाडी, चवळी आणि मेथी लावली. पण जुलैत सहा घरं गळाली. पेटीत सलगम आलं, बीट आलं, ओळखीची भाजी आली नाही, ही तक्रार. मला वाईट वाटलं ते सांगतो. आपल्या आयांनी कुंजरा, तांदुळजा, पाथरी अशा बांधावरच्या भाज्यांवर दिवस काढले. जे शेतात आहे ते शिजवायचं, ही तर आपलीच रीत. मग सलगमाचं आपल्याला एवढं ओझं का व्हावं?

येळवस, आपला वेळ अमावास्येचा रानातला सण, म्हणजे तरी काय? त्या दिवशी रानात जे उभं आहे ते सगळं भज्जीत, त्या मिसळीच्या भाजीत, पडतं. मार्गशीर्षातल्या अमावास्येला इथे बर्फ असतो, म्हणून आम्ही आठ घरांनी ती ऑक्टोबरमध्येच त्या शेतावर केली. कडब्याची कोप, म्हणजे खोपी, उभी केली. भज्जीत चवळीच्या शेंगा, मेथी, भोपळा. आंबील इथल्याच ज्वारीचं. चिंच मात्र पानचिंचोलीची, आईनं येताना आणलेली. लातूर जिल्ह्यातल्या त्या चिंचेला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, बोरसुरीच्या तूरडाळीला आणि जालन्याच्या दगडी ज्वारीलाही मिळालं, हे मी मोठ्या अभिमानानं सगळ्यांना सांगत होतो. आई गप्प होती. पण आंबील तिनं घेतलं, पुन्हा मागून घेतलं, आणि शेतकरी बाईंच्या हातावर अंबाडीची भाजी घातलेली भाकरी ठेवली.

परतताना लेकीनं विचारलं, "आजी, तुझ्या शेतात आता काय आहे?"

"सोयाबीन."

"तुम्ही ते खाता?"

"नाही गं. लातूरच्या बाजारात घालतो."

"मग ज्वारी?"

"इकत आणतो."

गावाकडे ज्वारी का गेली, हे आपल्याला ठाऊक आहे. सोयाबीन शंभरेक दिवसांत हाती येतं, मागून हरभरा घेता येतो, रोख पैसा मिळतो. ज्वारीच्या काढणीला माणसं मिळत नाहीत, पाखरं राखायला पोरं नाहीत. माझ्या भावाला मी कुठल्या तोंडानं सांगू की तू ज्वारी पेर? आम्ही दर वर्षी हुरड्याला जानेवारीत तिकडे जातो, तेव्हा तो शेजारच्या गावाहून कणसं आणून ठेवतो. हे मला या वर्षी कळलं, तेही आईच्या बोलण्यातून.

फेब्रुवारीत त्या शेतकरी बाईंना पुढच्या हंगामाच्या वाट्यांचा आकडा कळवायचा आहे. दाराजवळच्या टेबलावर वही ठेवली आहे. गळालेल्या सहा घरांनी तर नक्की नाव लिहावं, सलगमाची भाजी कशी करायची ते माझी बायको शिकवेल. आई पुढच्या आठवड्यात परत जाते आहे. तिच्या पिशवीत त्या दिवशीच्या कणसाचे मूठभर तांबडे दाणे रुमालात बांधलेले मला दिसले. विमानतळावर बियाणं नेऊ देत नाहीत, असं मी तिला सांगितलं. ते कशासाठी ठेवले आहेत, हे विचारायचं मात्र मला अजून धाडस झालेलं नाही.