फॉरवर्डला उत्तर फोनवर

अध्यक्ष महोदय, ग्रंथालयाचे पदाधिकारी, आणि वर्तमानपत्रांच्या टेबलावरून उठून खास इथे येऊन बसलेले आजोबा मंडळी, नमस्कार. पत्रिकेत माझ्या नावापुढे 'माहिती साक्षरता आणि आपल्या डिजिटल सवयी' असा भारदस्त विषय छापलाय. मी ग्रंथालयशास्त्र शिकते, तेव्हा हा विषय हिलाच द्यावा असं चिटणीस काकांना वाटलं असणार. वेळ अर्धा तास. त्यातला बराचसा सत्कारात गेला. नारळ मात्र चांगला पाणीदार दिसतोय.

शेवटी मी तीन सवयी सांगणार आहे, तसं कबूल केलंय. पण त्याआधी एक गोष्ट बोलायची आहे, ती बरेच दिवस डोक्यात घोळतेय आणि घरी कुणी ऐकून घेत नाही.

माझ्या वर्गातली मुलं सर्रास म्हणतात की मोठ्या माणसांना व्हॉट्सॲपने बिघडवलं. मला हे पटत नाही. २१ सप्टेंबर १९९५. गुरुवार होता. आठवतंय? त्या दिवशी गणपतीला दूध कुणी कुणी पाजलं, हात वर करा बघू. (हशा) दुसऱ्या रांगेतल्या काकूंनी अर्धाच हात वर केलाय. चालेल, अर्धा हात धरते.

माझा तेव्हा जन्मही नव्हता. आईकडून ऐकलंय. गणपतीची मूर्ती दूध पितेय ही बातमी पहाटे दिल्लीकडे सुरू झाली आणि संध्याकाळपर्यंत परदेशातल्या देवळांतही रांगा लागल्या. स्मार्टफोन नाही, ग्रुप नाही, घराघरांत इंटरनेट नाही. होते ते काळे फोन आणि एसटीडी बूथ. केंद्र सरकारच्या विज्ञान विभागाची माणसं रंग घातलेलं दूध घेऊन देवळात गेली, तेव्हा उलगडा झाला. चमचा सोंडेला टेकवून किंचित कलता धरला की पृष्ठताणामुळे दूध ओढलं जातं आणि पातळ थर होऊन मूर्तीच्या अंगावरून खाली उतरतं. पांढऱ्या संगमरवरावर पांढरं दूध दिसत नाही, रंगीत दिसतं. इतकं सोपं. पण आईच्या आठवणीत पृष्ठताण नाही. तिच्या आठवणीत आत्याचा ट्रंक कॉल आहे: "अगं, तुमच्याकडेही पितोय का?" एरवी सहा-सहा महिने फोन न करणाऱ्या आत्याने त्या दिवशी चार घरी फोन केले.

माझं सगळं म्हणणं या फोनमध्ये आहे. आपल्याकडे माहिती एकटी फिरत नाही, ती विचारपूस घेऊन फिरते. काका तुम्हाला 'कोमट पाण्यात हे घ्या, साखर मुळापासून जाईल' असं पाठवतात, तेव्हा त्यांना वैद्यकीय मत द्यायचं नसतं. 'तुझी शुगर वाढलीय असं ऐकलं, काळजी वाटते' हे म्हणायचं असतं. ते तोंडाने म्हणायची आपल्या घरांत पद्धत नाही. मग त्याला 'हे खोटं आहे' असं उत्तर दिलं की खोटी ठरते ती काळजी. औषध बाजूलाच राहतं.

उदाहरण देते. लांबेल, पण ऐका.

आमच्या घराण्याचा एक ग्रुप आहे. नाव सांगत नाही, कारण त्यातले दोघं इथे बसलेत. दर दिवाळीत त्यावर भारताचा एक फोटो येतो. काळ्या आकाशात आपला देश, त्यावर पांढरे, निळे, हिरवे, लाल ठिपके. खाली ओळ: 'दिवाळीच्या रात्री नासाने टिपलेला भारत'. आला असेल तुम्हालाही. हो, माना हलताहेत.

फोटो सुंदर आहे, पण दिवाळीचा नाही. एका रात्रीचासुद्धा नाही. अमेरिकेच्या हवामान उपग्रहांनी अनेक वर्षं जमवलेली रात्रीची चित्रं एकावर एक ठेवून नोआ या सरकारी संस्थेतल्या क्रिस एल्विज या शास्त्रज्ञाने २००३ साली तो तयार केला. रंगांना अर्थ आहे. १९९२च्या आधीपासून दिसणारे दिवे पांढरे. १९९२मध्ये नव्याने दिसले ते निळे, १९९८मध्ये दिसले ते हिरवे, २००३चे लाल. म्हणजे लोकवस्ती आणि वीज कशी पसरत गेली त्याचा तो नकाशा आहे. पुढे १२ नोव्हेंबर २०१२ला, ऐन दिवाळीत, नासाच्या उपग्रहाने खरोखरच रात्रीचा भारत टिपला. तो साधा काळा-पांढरा आहे, आणि दिवाळीचा जादा उजेड वरून कळण्याइतका नसतो असं नासानेच सांगितलं. आपल्या पणत्या अंतराळातून दिसत नाहीत. वाईट वाटतं, पण नाही दिसत.

हे सगळं मी एका लक्ष्मीपूजनाला ग्रुपवर लिहिलं. मुद्देसूद, शुद्धलेखन तपासून, खाली दुवा देऊन. फोटो मोठ्या काकांनी टाकला होता.

मग जे झालं ते तुमच्याही घरी झालं असेल. तासभर कुणी बोललं नाही. मग एका वहिनीने उटण्याचा फोटो टाकला. मग एका मावसभावाने मला अंगठा दाखवला आणि लगेच काढून घेतला. मग ती करडी ओळ उमटली: अमुक यांनी ग्रुप सोडला. रात्री आईला काकूंचा फोन. पोरगी हुशार आहे हो, पण सणासुदीला चारचौघांत... आणि बाबा, जे एरवी विज्ञानाचे मोठे भक्त, मला म्हणाले, "फोटो कुणाचा का असेना, फराळाला त्यांच्याकडेच जायचंय."

मजकूर माझा बरोबर होता. त्यातला शब्दही मी आज बदलणार नाही. पण वाचला कुणीच नाही, हेही खरं. पुढच्या वर्षी तोच फोटो दुसऱ्या काकांनी टाकला.

त्या वेळी मी ग्रुपवर काहीच लिहिलं नाही. मोठ्या काकांना फोन केला, फराळाचं बोलले, गुडघ्यांचं विचारलं, आणि म्हटलं, "काका, त्या फोटोत आपला तालुका कुठल्या रंगात दिसतो बघा ना." काका वीज मंडळातून निवृत्त झालेले. वायरमन म्हणून लागले आणि खांबावर आयुष्य काढलं. रंगांचा अर्थ सांगितल्यावर पलीकडे जरा शांतता, मग सुरू झाले. सबस्टेशन कधी आलं, कुठल्या वाडीला लाइन ओढताना कुणाच्या शेतातून खांब जाऊ देईनात, पावसाळ्यात डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, कसा जळायचा. मी फक्त हं म्हणत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे यातले काही दिवे आम्हीच लावलेत की!" दुसऱ्या दिवशी ग्रुपवर त्यांचा स्वतःचा मजकूर आला, रंगांच्या खुलाशासकट. खोटी ओळ होती त्यापेक्षा खरी गोष्ट त्यांच्या जास्त जवळची निघाली.

काका सुधारले असं समजू नका. त्याच आठवड्यात 'आपलं राष्ट्रगीत युनेस्कोने जगात सर्वोत्तम ठरवलं' हे त्यांच्याकडूनच आलं. युनेस्कोने असं काही ठरवलेलं नाही, पण त्यासाठी वेगळा फोन करावा लागला. चालायचंच.

आता कुणी विचारेल, सगळ्यालाच असा गुडघ्यांपासून सुरू होणारा फोन करायचा का? नाही. इथे माझा लाडका सिद्धान्त थांबतो, आणि तो कुठे थांबतो हे आपल्या राज्याला चांगलं ठाऊक आहे.

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा. रविवार, आठवडी बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडून आलेली नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं, भिक्षा मागून पोट भरणारी. मुलं पळवणारी टोळी फिरतेय अशा अफवा मोबाइलवरून आधीच पसरल्या होत्या. जमावाने त्यांना मारहाण केली, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून मारत राहिले. पाचही गेले.

त्या सुमारास देशभर एक व्हिडिओ फिरत होता. मोटारसायकलवरून दोघं येतात आणि खेळणाऱ्या पोराला उचलून नेतात. तो कराचीतल्या एका संस्थेने पालकांना सावध करायला केलेला होता. मूळ चित्रफितीत ते दोघं मूल परत आणून ठेवतात आणि फलक दाखवतात. फिरणाऱ्या व्हिडिओतून हा शेवट कापलेला होता. मला भीती वाटते ती या कात्रीची. व्हिडिओतला प्रत्येक क्षण खरोखर चित्रित झालेला, आणि तरी सगळं मिळून खोटं.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने 'फॉरवर्डेड' हा शिक्का आणला, भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल असं केलं आणि जानेवारी २०१९मध्ये तीच मर्यादा जगभर लावली. पण अफवा अशी जीव घेऊ शकते, तेव्हा अशा संदेशाला फोन नाही. ज्यात कुणा माणसाकडे, जातीकडे, धर्माकडे, फिरस्त्याकडे बोट दाखवलंय, त्याला तिथेच, सगळ्यांसमोर, लगेच थांबवायचं. काका रुसले तरी. आणि गावात जमाव जमतोय असं दिसलं तर पोलिसांना बोलवायला ११२ लावायचा, ग्रुपवर चर्चा करत बसायचं नाही.

चिठ्ठी आली आहे. 'पाच मिनिटे' लिहून खाली दोन रेघा मारल्यात. ठीक. तीन सवयी, पळत पळत.

पहिली: पान सोडायची सवय. शाळेत आपल्याला शिकवलं की लक्षपूर्वक, शेवटपर्यंत वाचा. पुस्तकाला ते लागू आहे, अनोळखी संकेतस्थळाला नाही. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी इतिहासाचे प्राध्यापक, त्याच विद्यापीठातले विद्यार्थी आणि बातम्यांची सत्यता तपासणारे व्यावसायिक यांना तीच संकेतस्थळं दिली. प्राध्यापक आणि विद्यार्थी पान वाचत बसले, त्याची मांडणी, बोधचिन्ह, भाषा बघत. व्यावसायिकांनी पान लगेच सोडलं, शेजारी नवी खिडकी उघडली आणि ही संस्था कोण, तिच्याबद्दल इतर काय म्हणतात ते शोधलं. उत्तर त्यांना आधी आणि बरोबर मिळालं. म्हणून मजकुरातला दुवा दाबू नका, बाहेर येऊन संस्थेचं नाव शोधा.

दुसरी: फोटोची जन्मतारीख विचारायची. गूगल लेन्समध्ये फोटो टाकला की तो आधी कुठे आला होता ते बऱ्याचदा सापडतं. पुराचे, अपघातांचे, मोर्चांचे फोटो अनेकदा जुने आणि भलत्याच गावचे निघतात. व्हिडिओ असेल तर एक दृश्य थांबवून त्याचा स्क्रीनशॉट टाका.

तिसरी: दोन बाण. संदेशाच्या डोक्यावर जोड बाण दिसला तर तो निदान पाच हातांतून आलेला असतो. एप्रिल २०२०पासून असा संदेश एका वेळी एकाच ठिकाणी जातो. तुम्हाला पाठवणारा ओळखीचा आहे, लिहिणारा नाही.

माझ्या पिढीबद्दल बोलायचं राहिलं. तेवढ्यात सांगते, आम्ही काही बरे नाही. त्याच स्टॅनफर्डच्या गटाला २०१६मध्ये आढळलं की 'प्रायोजित मजकूर' असं स्पष्ट लिहिलेली जाहिरात ८० टक्क्यांहून जास्त शाळकरी मुलांना बातमीच वाटली. आणि आमच्या कॉलेजातल्या प्रकल्पांना स्पायरल बाइंडिंग, प्लास्टिकचं कव्हर, पहिल्या पानावर गणपती, आणि शेवटच्या पानावर 'संदर्भ: गूगल'. गूगल हा संदर्भ असेल तर या इमारतीचा पत्ताही संदर्भ म्हणून चालेल, पुस्तकं इथेच तर आहेत. गुण मात्र बाइंडिंगला मिळतात. हा माझा जुना राग आहे, त्यावर वेगळं व्याख्यान ठेवा.

पोलीस असल्याचं सांगून कुणी 'तुम्हाला डिजिटल अटक झालीय' असा व्हिडिओ कॉल केला तर? काका, बरं विचारलंत. असली अटक कायद्यात नाही. फोन कापायचा. पैसे गेले असतील तर त्याच क्षणी सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा नंबर लावायचा, मुलगा पुण्याहून येईपर्यंत थांबायचं नाही.

लेन्स कसं वापरायचं ते ज्यांना हातात फोन घेऊन शिकायचंय, त्यांनी आभार प्रदर्शनानंतर मागच्या वाचनकक्षात या. चष्मा आणा, आणि फोन चार्ज केलेला आणा. तिथे एकच प्लग आहे आणि तो चिटणीस काकांचा आहे.