तबकडीत न मावलेले गाणे

1964च्या जून महिन्यात न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर शहरात तीन गोरे तरुण बासष्ट वर्षांच्या एका कृष्णवर्णीय गृहस्थाच्या शोधात येऊन पोहोचले. गृहस्थाचे नाव सन हाउस. मिसिसिपी डेल्टातील हा एके काळचा दबदबा असलेला ब्लूजचा, म्हणजे अमेरिकी कृष्णवर्णीयांच्या लोकगाण्याचा, गायक गिटार कधीच सोडून बसला होता आणि स्वतःचीच गाणी बऱ्याच अंशी विसरला होता. पुढे जुन्या तबकड्या मुखोद्गत असलेला अ‍ॅलन विल्सन हा तरुण त्याच्याजवळ बसला, हाउसनेच पूर्वी वाजवलेले त्याला वाजवून दाखवू लागला आणि गुरूला त्याची विद्या परत मिळाली. पुढच्याच वर्षी कोलंबिया कंपनीने हाउसचा नवा अल्बम प्रसिद्ध केला.

आजचा माझा विषय रोरी ब्लॉक या गिटारवादिकेने डेल्टाच्या गायकांना वाहिलेली आदरांजली हा आहे. तरीही आरंभी ही हकिगत सांगितली, कारण आदरांजली म्हटले की मूळ गाणे एकीकडे आणि त्याची नक्कल दुसरीकडे, अशी वाटणी आपण मनात करून टाकतो. या परंपरेत ती वाटणी टिकत नाही, एवढेच मला आज दाखवायचे आहे.

आधी डेल्टाबद्दल. हा नदीच्या मुखाजवळचा त्रिभुज प्रदेश नव्हे. मिसिसिपी आणि याझू या दोन नद्यांमधला, मेम्फिसच्या दक्षिणेपासून व्हिक्सबर्गपर्यंत पसरलेला हा कापसाचा सपाट, गाळाचा मुलूख. गुलामगिरी संपली तरी बटाईची शेती आणि जमीनदाराच्या दुकानातील उधारी यांनी कृष्णवर्णीय कुटुंबांना तिथेच जखडून ठेवले होते. शनिवारी रात्री कुणाच्या तरी घरी लोक नाचायला जमत, तिथे एकटा माणूस एका गिटारीवर रात्रभर नाच चालता ठेवी. अंगठा खालच्या स्वरांच्या तारांवर ठेका धरतो, उरलेली बोटे वरच्या तारांवर गाण्याला उत्तर देतात, आणि गायक ओळ अर्धी सोडतो तेव्हा ती गिटार पुरी करते. तारा मोकळ्या सोडल्या तरी एक पूर्ण स्वरमेळ वाजावा अशा त्या लावलेल्या असतात आणि बाटलीच्या मानेचा तुकडा बोटात घालून तो तारेवरून सरकवला जातो. त्यामुळे पडद्यांच्या मधले स्वर मिळतात. कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मध्ये कुठेतरी रेंगाळणारा तो स्वर आपल्या कानांना परका वाटू नये.

रोरी ब्लॉकचा जन्म 1949चा. न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेज भागात तिच्या वडिलांचे चपलांचे दुकान होते. ते स्वतः फिडल (लोकसंगीतातले व्हायोलिन) वाजवत, त्यामुळे दुकानात गिऱ्हाइकांपेक्षा वादकांचीच वर्दळ अधिक असावी, असा मला दाट संशय आहे. जुने डेल्टा गायक पुन्हा सापडू लागले तेव्हा ही मुलगी चौदा-पंधरा वर्षांची होती, आणि सन हाउस, स्किप जेम्स, मिसिसिपी जॉन हर्ट यांना तिने प्रत्यक्ष पाहिले, ऐकले. हे भाग्य अल्पकाळाचे होते. हर्ट 1966मध्ये गेला, जेम्स 1969मध्ये.

डेल्टाचाच गायक रॉबर्ट जॉन्सन मात्र तिच्या जन्माच्या अकरा वर्षे आधीच वारला होता. त्याची 1936 आणि 1937 साली ध्वनिमुद्रित झालेली एकोणतीस गाणी हाच त्याचा सारा वारसा. त्यांतली निवडक गाणी घेऊन ब्लॉकने 2006 साली एक संपूर्ण अल्बम केला आणि तिथे तिने अक्षरशः स्वर न् स्वर जपला. मग 2008मध्ये सन हाउस, 2011मध्ये फ्रेड मॅकडॉवेल, 2012मध्ये गॅरी डेव्हिस, 2013मध्ये हर्ट, 2014मध्ये जेम्स आणि 2016मध्ये बुका व्हाइट, अशी गुरुवंदनेची मालिका झाली. (काटेकोर श्रोते म्हणतील की डेव्हिस डेल्टाचा नव्हे आणि मॅकडॉवेल डोंगराळ भागातला. आक्षेप रास्त आहे. पण गुरू निवडताना कुणी नकाशा समोर ठेवत नाही.) जेम्सवरील अल्बम त्याच्याविषयीच्या तिच्या स्वतःच्या गाण्याने सुरू होतो, हर्टवरील अल्बमही तसाच. जुन्या गाण्यांशेजारी स्वतःचे गाणे ठेवण्याचे हे धाडस मला सगळीकडे पेललेले वाटत नाही, पण त्यामागचा विचार पटतो. ज्यांना आपण ओळखत होतो त्यांच्याविषयी आपल्या तोंडून काही बोलावे लागतेच.

आता मुख्य प्रश्न. स्वर न् स्वर जपायचा, तो कुठला? त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटांचे गाणे मावत असे. 1930 साली विस्कॉन्सिनमधील ग्राफ्टन गावी पॅरामाउंट कंपनीने हाउसची गाणी मुद्रित केली तेव्हा त्यांतली काही दोन बाजूंवर तोडून घालावी लागली. नाचणारे थकेपर्यंत लांबणारे गाणे तबकडीवर आले ते असे छाटून. म्हणजे तबकडीची हुबेहूब नक्कल करणारा वादक त्या छाटणीचीही नक्कल करत असतो. एखाद्या बंदिशीची तीन मिनिटांची जुनी तबकडी हीच ती बंदिश, असे आपण म्हणणार नाही. ब्लॉकची खरी कमाई मला तिच्या उजव्या हातात दिसते. तार ओढून लाकडावर आपटू देणे, अंगठ्याचा ठोका किंचित मागे ठेवणे, ओळ लांबली तर मात्रा वाढू देणे, या गोष्टी स्वरलिपीत उतरत नाहीत. साथीला वाद्यवृंद असता तर त्या करताही आल्या नसत्या, कारण चार जणांना मात्रा मोजूनच वाजवावे लागते. मुंबईत 2011पासून महिंद्रा ब्लूज महोत्सवाला जाणाऱ्या रसिकांच्या कानांत विजेच्या गिटारीचा, बँडचा ब्लूज बसलेला आहे. त्यांनी ही एकट्या गिटारीची मोकळीक मुद्दाम ऐकावी.

शब्दांचा प्रश्न याहून अवघड आहे. पुरुषाने बाईविषयी गायिलेले गाणे बाईने कसे गायचे? पूर्वीच्या एका अल्बमवर ब्लॉकने जॉन्सनच्या गाण्यातील दयाळू बाईच्या जागी सरळ दयाळू पुरुष आणला आणि शीर्षकही तसेच बदलले. काहींना ही मोडतोड वाटेल. मला मात्र हे परंपरेला धरून वाटते.

त्याचा पुरावा म्हणून ‘वॉकिंग ब्लूज’ हे गाणे घ्या. जॉन्सनने ते 1936मध्ये ध्वनिमुद्रित केले, पण चाल आणि गिटारीची धाटणी हाउसकडून उचललेली आहे. 1941च्या ऑगस्टमध्ये लोकगीतांचे संग्राहक अ‍ॅलन लोमॅक्स आणि त्यांचे सहकारी अमेरिकी काँग्रेसच्या ग्रंथालयासाठी ध्वनिमुद्रणे करत डेल्टात फिरत होते. स्टोव्हॉल मळ्यावर मडी वॉटर्स या पुढे नावाजलेल्या गायकाने हीच चाल त्यांना वेगळ्या शब्दांत ऐकवली. गाणे कुठून आले असे विचारताच तो आधी म्हणाला की ते आपण केले; मग बोलता बोलता हाउसचे नाव आले, जॉन्सनच्या तबकडीचाही उल्लेख झाला. त्याच दौऱ्यात हाउसनेही एका खेड्यातल्या दुकानात गायले. तिथे तबकडीची जुनी मर्यादा नव्हती, म्हणून ‘वॉकिंग ब्लूज’ सहा मिनिटांच्याही पुढे चालले. त्या दिवशीच्या ध्वनिमुद्रणात दुकानाजवळून जाणारी आगगाडीही ऐकू येते.

आता मी ही ध्वनिमुद्रणे आपल्याला क्रमाने ऐकवणार आहे: आधी जॉन्सन, मग वॉटर्स, मग हाउस आणि शेवटी ब्लॉक. शब्दांकडे फारसे लक्ष देऊ नका. प्रत्येक वेळी गायक ओळ कुठे सोडतो आणि गिटार ती कुठून उचलते, तेवढेच ऐका.