तीन कमिशनर आणि आठशे मेगावॉट

(दृश्य: मक्याच्या शेतांमधून जाणारा अरुंद, सरळ रस्ता)

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात 88 काउंट्या आहेत. काउंटी म्हणजे विस्ताराने साधारण आपल्याकडचा एखादा तालुका. पण आपल्याकडे तहसीलदार वरून नेमून येतो, इथे बहुतेक सगळे निवडून येतात. काउंटीचा कारभार बघणारे तीन कमिशनर, शेरीफ म्हणजे पोलीसप्रमुख, खजिनदार, आणि काउंटी इंजिनिअरसुद्धा. हो, इंजिनिअरही मतपेटीतूनच! त्याच्याकडे अभियंत्याचा आणि भूमापकाचा, असे दोन्ही परवाने मात्र असावे लागतात.

कमिशनरांच्या बैठकीला कुणीही जाऊन बसू शकतं. बहुतेक वेळा खुर्च्या रिकाम्याच असतात. एका मोरीची निविदा, हिवाळ्यात रस्त्यावर टाकायचं मीठ, तुरुंगाच्या छताची दुरुस्ती. विषयपत्रिकेवर सोलर आलं की मात्र उभं राहायलाही जागा उरत नाही.

हे असं का झालं, ते समजायला आधी रस्त्यांचे पैसे कुठून येतात ते बघावं लागतं.

(दृश्य: पेट्रोल पंप, मग एक जुना लोखंडी पूल)

ओहायोत 2019 पासून पेट्रोलवर गॅलनमागे साडेअडतीस सेंट राज्याचा कर आहे. राज्यघटनेनुसार तो पैसा रस्त्यांवरच खर्चावा लागतो. त्यातला काउंट्यांचा जो हिस्सा आहे, तो 88 जणांत सारखा वाटला जातो. फ्रँकलिन काउंटीत राजधानी कोलंबस आहे, लोकवस्ती 13 लाखांवर. व्हिंटन काउंटीत जेमतेम 13 हजार माणसं. वाटा दोघांना तेवढाच. मोठ्या कामांसाठी राज्य कर्जरोखे काढतं. मे 2025 मध्ये मतदारांनी त्यासाठी दहा वर्षांत मिळून अडीच अब्ज डॉलर मंजूर केले. पण राज्यभर काउंट्यांच्या ताब्यात 26 हजारांहून अधिक पूल आहेत. मागणारे हात खूप आणि थैली एकच.

अशा वेळी एखादी कंपनी येते आणि म्हणते, आम्ही तुमच्या काउंटीत सोलर प्रकल्प उभारतो.

2010 च्या एका कायद्याने या कंपन्यांसाठी वेगळी वाट काढून दिली. नेहमीचा मालमत्ता कर माफ. त्याऐवजी दर मेगावॉटमागे वर्षाला 7 हजार डॉलर द्यायचे. काउंटीने ताणून धरलं तर 9 हजारांपर्यंत. यातला मोठा भाग शाळांकडे जातो. आणि मोठ्या प्रकल्पांच्या बाबतीत या सवलतीवर शिक्का मारायचा की नाही, हे कमिशनर ठरवतात.

याच सवलतीला रस्त्यांची अट जोडलेली आहे, आणि माझ्या मते सगळ्या कायद्यात कामाची गोष्ट हीच.

(दृश्य: गाडीतून केलेलं रस्त्याचं चित्रीकरण)

गावाकडचे हे रस्ते वर्षातून काही आठवडे मक्या-सोयाबीनची वाहतूक सोसतील, या हिशेबाने केलेले. डांबराचा पातळ थर, वर खडी. त्यावरून एक-दीड वर्ष लोखंडी खांब, पॅनेलच्या पेट्या आणि अवजड ट्रान्सफॉर्मर नेणारे ट्रक धावले, की कडा तुटतात, मोऱ्या दबतात. त्यातून मार्चमध्ये गोठलेली जमीन वितळू लागली, की रस्त्याखाली नुसता चिखल. म्हणून कायदा म्हणतो: बांधकामाने बिघडलेला प्रत्येक रस्ता, पूल, मोरी पूर्वीसारखी करून द्यायची. पूर्वीसारखी झाली की नाही, ते काउंटी इंजिनिअर ठरवणार. एखादा पूल भार पेलणार नाही असं त्याला वाटलं, तर काम सुरू होण्याआधीच कंपनीने तो मजबूत करून द्यायचा. आणि या सगळ्यासाठी हमीची रक्कम आधी भरायची.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसत नाही. वायव्य ओहायोचा मोठा भाग एकेकाळी दलदल होती. एकोणिसाव्या शतकात शेतकऱ्यांनी जमिनीखाली निचऱ्याच्या नळ्या घालून ती लागवडीखाली आणली. त्या नळ्या अजून काम करतात, पण त्यांचे नकाशे सगळीकडे नाहीत. सोलरचा खांब ठोकताना एक नळी फुटली, तर पाणी तुंबणार ते शेजाऱ्याच्या वावरात. ज्याने जमीन भाड्याने दिली त्याला भाडं मिळतं, शेजाऱ्याला मिळतं तळं. विरोधातली सगळीच भाषणं मला पटत नाहीत, पण या शेजाऱ्याचं म्हणणं खरं आहे.

2021 मध्ये राज्याने ‘सिनेट बिल 52’ आणलं आणि कमिशनरांच्या हाती नकाराचा अधिकार दिला. 50 मेगावॉट किंवा त्याहून मोठा सोलर प्रकल्प, तसाच मोठा पवनचक्की प्रकल्पही, आपल्या काउंटीच्या कुठल्या भागात येऊच द्यायचा नाही, हे ते ठराव करून सांगू शकतात. ठराव मान्य नसेल, तर लोकांना 30 दिवसांत सह्या गोळा करून सार्वमत मागता येतं. नोव्हेंबर 2022 मध्ये क्रॉफर्ड काउंटीत पवनचक्क्यांवरच्या बंदीबाबत असं सार्वमत झालं. बंदी मोठ्या फरकाने टिकली. आज 20 हून अधिक काउंट्यांनी कुठे ना कुठे दार लावून घेतलं आहे.

(दृश्य: मॅडिसन काउंटी, पॅनेल नसलेली मोकळी शेतं)

कोलंबसच्या पश्चिमेला मॅडिसन काउंटी. इथला ‘ओक रन’ प्रकल्प 800 मेगावॉटचा, सोबत 300 मेगावॉटची बॅटरी. पॅनेलच्या ओळींमध्ये पिकं घ्यायची आणि मेंढ्या चारायच्या, असा आराखडा. काउंटीचे कमिशनर विरोधात होते, आसपासच्या टाउनशिप, म्हणजे काउंटीतले छोटे स्थानिक विभाग, तेही विरोधात. पण प्रकल्पाने ग्रिडच्या जोडणीसाठी नवा कायदा येण्याआधीच नंबर लावला होता, त्यामुळे कमिशनरांचा नकार त्याला लागू झाला नाही. मार्च 2024 मध्ये वीजप्रकल्पांच्या जागांना मंजुरी देणाऱ्या राज्याच्या मंडळाने परवानगी दिली. 9 हजारांच्या दराने हिशेब केला, तर वर्षाला 72 लाख डॉलर होतात. ज्या काउंटीत महिनोन्‌महिने एका पुलाच्या पैशाची जुळवाजुळव चालते, तिथे हा आकडा कुणी कानाआड करत नाही. तरीही विरोध झाला. पैशाने सगळी माणसं गप्प होत नाहीत, हेही इथे दिसतं.

नकाराचा हक्क मला वावगा वाटत नाही. ज्यांच्या दारात प्रकल्प उभा राहणार, त्यांना विचारायलाच हवं. खटकतं ते वेगळंच. हा हक्क फक्त वारा आणि सूर्यापुरता आहे.

तेल किंवा वायूची विहीर खोदायची असेल, तर परवानगी देणारं एकटं राज्य. मन्रो फॉल्स नावाच्या शहराने स्वतःचे नियम लावून बघितले. 2015 मध्ये ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने ते मोडीत काढले. जानेवारी 2023 मध्ये राज्याने एका कायद्यात नैसर्गिक वायूला चक्क ‘हरित ऊर्जा’ ठरवलं.

आणि त्या विहिरीकडे जाणारे ट्रक? तेही याच रस्त्यांवरून जातात. पाणी, वाळू, ड्रिलिंगची यंत्रं, सगळं घेऊन. शेल वायू, म्हणजे खोल खडकात अडकलेला वायू, काढणाऱ्या कंपनीनेही रस्त्यांबाबत करार करावा, असं कायद्यात आहे. पण करार जमला नाही, तर ‘आम्ही मनापासून प्रयत्न केला’ असं प्रतिज्ञापत्र जोडलं तरी तिचा अर्ज पुढे सरकतो.