शेवटचे आठ बाइट

(पडद्यावर: हेक्स एडिटर, फाइलचं शेपूट)

एप्रिल २०२१. एका होस्टिंग कंपनीकडे ग्राहकाची तक्रार येते: लॉगची (सर्व्हरच्या नोंदींची) आवळलेली जीझिप फाइल उघडत नाही, सीआरसी, म्हणजे डेटा पडताळायचा आकडा, चुकतोय. तपासलं तर डेटा शाबूत. बिघडलेत ते शेवटचे आठ बाइट, चार सीआरसीचे, चार लांबीचे. पुढच्या महिन्यांत हेच पुन्हा होतं. बहुतेक वेळा फाइल महिन्याच्या शेवटच्या दिवसाची. आणि त्या आठ बाइटांची सुरुवात 'पीके' अशी, म्हणजे झिपच्या अनुक्रमणिकेची खूण.

प्रोग्रामर मॅक्स केलरमन यांनी माग काढला: दोष लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे यंत्रणेच्या गाभ्यात होता. महिन्याचा लॉग मागितला की वेब सेवा रोजच्या फाइली, त्यांचे शेवटचे आठ बाइट वगळून, स्प्लाइस या कर्नलच्या सोयीने पाइपमध्ये (डेटा पुढे नेणाऱ्या नळीत) सोडायची आणि शेवटी झिपची अनुक्रमणिका लिहायची. स्प्लाइस कॉपी करत नाही. पाइपचा बफर थेट पेज कॅशमधलं, म्हणजे फाइलच्या मेमरीतल्या प्रतीचं, पानच धरतो. प्रत्येक बफरला एक फ्लॅग असतो: 'यात भर घालता येईल'. कर्नल इथे तो पुसतच नव्हतं! मग अनुक्रमणिका शेवटच्या फाइलच्या पानावर उतरायची. आठच बाइट, कारण फाइल तिथे संपत होती. त्या सेवेला फाइलवर लिहायची परवानगीही नव्हती.

चूक लिनक्स कर्नल ४.९ पासूनची, घातक ठरली ती २०२० च्या ५.८ मध्ये. ७ मार्च २०२२ रोजी ती 'डर्टी पाइप' म्हणून जाहीर झाली. दोषांच्या सार्वजनिक यादीतला क्रमांक: सीव्हीई-२०२२-०८४७.

हल्लेखोराला फाइल वाचता आली की पुरे. पानाचा पहिला बाइट बदलत नाही, ४०९६ बाइटांची हद्द ओलांडता येत नाही, फाइल लांबवता येत नाही. तरीही खात्यांच्या फाइलमध्ये रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी खात्याच्या, ओळीतला पासवर्डचा रकाना बदलायला एवढं भरपूर झालं. पान दुसऱ्या कारणाने डर्टी, म्हणजे डिस्कवर लिहायचं बाकी असं, नोंदलं गेलं नाही, तर बदल डिस्कवर उतरत नाही. रीबूट केलं की पुरावाही गेला.

सामायिक सर्व्हरवर हे जास्त बोचतं. एकाच इमेजवरचे (साच्यावरचे) कंटेनर, म्हणजे एकाच कर्नलवर वेगळे ठेवलेले प्रोग्राम, बहुधा पेज कॅशमधलं तेच पान वाचतात. केव्हीएमवर चालणाऱ्या आभासी यंत्राला स्वतःचं कर्नल असतं. कंटेनरवर चालणाऱ्या व्हीपीएसला (भाड्याच्या आभासी सर्व्हरला) नसतं, तिथे दुरुस्ती होस्टिंगवाल्यानेच करायची.

दुरुस्ती दोन ओळींची: फ्लॅग शून्य करा. ती ५.१६.११, ५.१५.२५ आणि ५.१०.१०२ मध्ये आली. 'युनेम -आर' ही आज्ञा चालवून कर्नल बघा. पण डिस्ट्रो (लिनक्सची तयार संचं देणारे) जुन्याच आकड्यावर दुरुस्ती चढवतात, म्हणून त्यांची सूचनाही वाचा. आणि पॅकेज टाकून रीबूट राहिलं असेल, तर मेमरीत अजून जुनंच कर्नल चालू आहे.