फायब्रोमायल्जिया: अंगठ्याने मोजलेला आणि कागदावर मोजलेला

मंडळी, फायब्रोमायल्जिया, म्हणजे अंगभर दीर्घकाळ दुखत राहण्याचा आजार, शंभरात किती जणांना असतो, तर दोन ते चार, असं उत्तर बहुतेक ठिकाणी मिळतं. ते चूक नाही. पण मोजलं कशाने, हे आधी विचारायला हवं. या आजाराची खूण रक्तात सापडत नाही, एक्स-रेवर उमटत नाही. त्यामुळे माप बदललं की रुग्णांची संख्याही बदलते.

1990च्या अमेरिकी निकषांत माप होतं डॉक्टरांचा अंगठा. अंगावरच्या ठरलेल्या 18 जागा: मानेच्या वर कवटीच्या बुडाशी, कोपराच्या बाहेरच्या अंगाला, गुडघ्याच्या आतल्या बाजूला, अशा. अंगठ्याचं नख पांढरं पडेपर्यंत, म्हणजे साधारण 4 किलोचा दाब द्यायचा आणि किमान 11 जागी दुखायला हवं. शिवाय तीन महिने अंगभर दुखणं हवंच. अमेरिकेत कॅन्ससमधल्या विचिटा शहरात या मापाने पाहणी झाली आणि 1995 मध्ये आकडे आले: एकूण 2 टक्के, बायकांत 3.4, पुरुषांत 0.5. साठी-सत्तरीतल्या बायकांत तर 7 टक्क्यांहून जास्त. ‘हा तरुण बायकांचा आजार’ ही समजूत तिथेच मोडते.

2010 नंतर अंगठा गेला, कागद आला. 2016च्या सुधारित रूपात हिशेब असा: गेल्या आठवड्यात 19पैकी किती भाग दुखले, हा पहिला आकडा. थकवा, झोपूनही ताजंतवानं न वाटणं आणि विसराळूपणा किंवा लक्ष न लागणं यांना प्रत्येकी 0 ते 3 गुण. डोकेदुखी, ओटीपोटात दुखणं, उदासी यांना गेल्या सहा महिन्यांसाठी एकेक गुण. या सगळ्या गुणांची 12पैकी बेरीज, हा दुसरा आकडा. निदानासाठी पहिला किमान 7 आणि दुसरा किमान 5 हवा, नाहीतर पहिला 4 ते 6 आणि दुसरा किमान 9. दुखणं शरीराच्या पाचपैकी चार विभागांत पसरलेलं आणि तीन महिने टिकलेलं हवं. नुसती कंबर कितीही ठणकली तरी ती यात बसत नाही.

आता गंमत बघा. ईशान्य स्कॉटलंडमध्ये एकाच पाहणीत वेगवेगळी मापं लावली. 1990च्या निकषांनी 1.7 टक्के, आणि रुग्णाने स्वतः भरायच्या प्रश्नावलीने 5.4. एका पुरुषामागे बायका किती? अंगठ्याने जवळजवळ 14, प्रश्नावलीने सव्वादोनच्या आसपास. दाबल्यावर दुखायला लागण्याची पातळी बायकांत सरासरीने कमी असते, म्हणून अंगठ्याने पुरुष गाळले जात होते. ‘पुरुषांना होत नाही’ असं ऐकून घरी परतलेले किती असतील, कोण जाणे.

आपल्याकडे पुणे जिल्ह्यात भिगवणला 1996 मध्ये सांधे-स्नायूंच्या दुखण्याची गावपाहणी झाली. चार हजारांवर प्रौढांत 18.2 टक्के लोकांना काही ना काही दुखत होतं. हे सगळे फायब्रोमायल्जियाचे रुग्ण नव्हेत. ‘अंग दुखतं’ म्हणणारे पुष्कळ, निकषांत बसणारे थोडे.

धोका कशाने वाढतो? रुग्णाच्या सख्ख्या नात्यात हा आजार असण्याची शक्यता एका अमेरिकी अभ्यासात साडेआठपट निघाली. अर्थात भावंडांचं रक्त एक तसं घरही एकच, हेही धरायला हवं.

सर्वांत लक्ष देण्याजोगी गोष्ट झोप. नॉर्वेत 12,350 निरोगी बायकांवर दहा वर्षं नजर ठेवली. 327 जणींना आजार झाला. वारंवार किंवा नेहमीच झोपेची तक्रार असलेल्यांत धोका सुमारे साडेतीनपट, आणि पंचेचाळिशीपुढे पाचपटीहून जास्त. ‘पाचपट’ ऐकून दचकू नका: मुळात दहा वर्षांत शंभरात तीनसुद्धा नव्हत्या. तिथल्याच दुसऱ्या अभ्यासात जास्त वजन असलेल्या बायकांत या आजाराचा धोका 60 ते 70 टक्क्यांनी वाढलेला दिसला. मानेला हिसका बसला की हा आजार होतो, हे मात्र पक्कं नाही; इस्रायलमधल्या एका अभ्यासाने हो म्हटलं, नंतरच्या दुसऱ्याने दुजोरा दिला नाही.

आणि आधीपासूनचा संधिवात. आमवाताच्या (सांधे सुजवणारा संधिवात, रुमॅटॉइड आर्थ्रायटिस) साधारण पाचांतल्या एका रुग्णात फायब्रोमायल्जियाही सापडतो. एक असला म्हणून दुसरा नाकारता येत नाही, हे 2016चे निकष स्पष्ट सांगतात. चूक होते ती इथे. आमवात किती भडकलाय हे मोजताना दुखऱ्या सांध्यांची संख्या आणि रुग्णाने स्वतः सांगितलेला त्रास, दोन्ही धरतात. फायब्रोमायल्जियामुळे हे दोन्ही आकडे फुगतात, आणि सूज नसतानाही औषध वाढवलं जातं. म्हणून अशा रुग्णाने तपासणीच्या वेळी विचारावं: दुखणारे सांधे किती ते कळलं, सुजलेले किती?