कूलर बंद करा भाऊ

(हिंगणा एमआयडीसी. सकाळ. शटर वर जातंय.)

मे महिन्यात नागपुरात कंपनीचा व्हिडिओ काढायचा म्हणजे 7 वाजताच पोचायचं, 11 नंतर पत्र्याच्या शेडमध्ये उभं राहवत नाही. इथे इलेक्ट्रिक पॅनलचे डबे बनतात. मालकांनी लिस्ट दिलीय: गेट, पाटी, वडिलांचा हार घातलेला फोटो, रिसेप्शनचा सोफा, केबिनमध्ये फोनवर बोलणारे ते स्वतः, आणि शेवटी सगळा स्टाफ रांगेत उभा राहून टाटा करतोय.

विचारलं, भाऊ, हे पाहणार कोण? खोदून खोदून निघालं की पुण्याच्या एका परचेसवाल्याला पाठवायचाय, आणि त्याला टेन्शन एकच, पावसात डब्यात पाणी तर जाणार नाही ना. मग त्याला सोफा काहून दाखवायचा?

(क्लोजअप : रबरी गास्केट, अंगठा.)

हे काका डब्याच्या दाराला गास्केट, म्हणजे पाणी अडवणारी रबरी पट्टी, बसवतात. अंगठ्यानं दाबत दाबत कोपऱ्यापर्यंत नेतात, कोपऱ्यात थांबतात, नख फिरवून पाहतात, दार लावतात. मग पाइपनं पाण्याचा झोत. दार उघडलं की आत कोरडं. डब्यावर आयपी 65 लिहिलंय, म्हणजे धूळ आत जात नाही आणि कुठूनही झोत मारला तरी आतल्या सामानाला काही होत नाही, पण ते ऐकण्यापेक्षा हे 40 सेकंद बघा, मी गप्प बसतो.

(फक्त पाण्याचा आवाज.)

शेडमधल्या लाइटनं पहिल्या टेकमध्ये पट्टे आले होते. आपली वीज 50 हर्ट्झची, लाइट तिच्यासोबत लुकलुकतो, म्हणून सेकंदाला 25 फ्रेम आणि शटर 1/50 सेकंद ठेवलं, पट्टे गेले.

काकांना लिहून दिलं होतं, "आम्ही गुणवत्तेशी तडजोड करत नाही." चार वेळा अडखळले बिचारे, कोण बोलतं हो असं घरी? कागद काढून घेतला आणि नुसतं विचारलं, खराब डबा कसा ओळखता?

"दार लावतानी आवाजच सांगते ना जी."

हेच पाहिजे होतं! पण कॉलर माइकमध्ये नुसती कूलरची घरघर, आणि ती नंतर साफ करायला गेलं की माणसाचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो. कूलर बंद केला. दोन मिनिटांत काका घामाघूम, कपाळ पुसलं, परत बोलले. तोच टेक घेतला, घामासकट.

बरेच लोक मोबाईलवर आवाज बंद ठेवून पाहतात, म्हणून खाली मोठ्या अक्षरात शब्दही टाकले.

मालकांनी पूर्ण व्हिडिओ पाहिला, दोनदा पाहिला, मग हळूच म्हणाले, "सगळं बरोबर आहे, पण बाबांचा फोटो?"

(फोटो, 3 सेकंद. मागे दार लागल्याचा आवाज.)